अक्षतीची दुसरी फेरी

"पिवळ्या रंगाचे दाणे," त्र्यंबक वाचत होता. "प्रत्येक घरी एक चिमूट, सोबत छापील कागद. दाण्यांच्या संख्येत काही संकेत असावा, असा संशय येतो."

माजघरात कुणी हसलं नाही. सुहासिनीवन्संच्या मांडीवर मोड आलेल्या वालांची परात होती. अर्धा सोललेला वाल त्यांच्या बोटांत तसाच राहिला. हेमा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. गुरुदत्त झोपाळ्यावर बसला होता, पण पाय जमिनीला घट्ट टेकवून.

"कोणत्या घरी किती दाणे पडले, तेही मोजलंय का?" त्यानं विचारलं.

"दादा, थट्टा नको. कलेक्टर कचेरीत चिटणीस मी. अशी अकरा पत्रं माझ्याच टेबलावरून गेली. दहा जावक केली आणि अकरावं हातात घेतलं, तर त्यावर माझंच नाव." त्र्यंबकानं चष्मा काढून पुसला. पत्र इंग्रजीत होतं आणि तो वाचता वाचता त्याचं मराठी करत होता. "एक मे रोजी दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी सदर इसम, त्याची पत्नी व एक तरुण स्त्री आपल्या ठाण्याच्या घरी आले. त्यांच्याशी आपला संबंध काय, याचा खुलासा सात दिवसांत करावा."

"संबंध काय!" सुहासिनीवन्सं म्हणाल्या. "लिही की, एका आईच्या पोटचे आहोत."

शुभदा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. त्या रविवारी ती, गुरुदत्त आणि हेमा लग्नाची अक्षत द्यायला निघाले होते. पहिली अक्षत गणपतीला, दुसरी गावदेवीला, मग पारनाक्यावरची घरं, मग शहाडला टांग्यानं, दुपारच्या गाडीनं डोंबिवली आणि शेवटी ठाणं. हळदीनं पिवळे केलेले तांदूळ, पत्रिका, आणि 'एकोणीसला सगळ्यांनी यायचं' एवढे शब्द. एक्केचाळीस घरं झाली होती. मारुती दिवसभर वीस पावलं मागं होता.

मारुती म्हणजे साध्या वेशातला शिपाई. गेल्या ऑक्टोबरपासून तो समोरच्या बंद वखारीच्या पायरीवर बसत असे. धोतर, करडा कोट, मांडीवर छत्री. तो कोण हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. उन्हाचा पाणी मागायला यायचा. शुभदा तांब्या द्यायची, तो नमस्कार करून तांब्या परत द्यायचा, आणि पायरीवर जाऊन लिहायचा. पाणी प्यायल्याचं लिहायचा की नाही, ते तिला कधी कळलं नाही.

चार वर्षांपूर्वीपर्यंत गुरुदत्त चौबळ स्वतःच सरकार होता. आधी मामलेदार, मग प्रांत, आणि वर रावसाहेब हा किताब. पंचेचाळीस साली त्यानं किताब परत केला, राजीनामा दिला, पेटीच्या तळातली वकिलीची सनद काढली आणि कल्याणच्या कोर्टात लाल बावट्यावाल्यांचे खटले चालवायला लागला. गोरे गेले, आपलं राज्य आलं. गुरुदत्तनं मुरबाडकडच्या सत्तावीस ठाकर-कातकरी लाकूडतोड्यांचं वकीलपत्र घेतलं, ठेकेदाराच्या डेपोवर हल्ला केल्याचा आरोप होता त्यांच्यावर, आणि चौथ्या दिवशी वखारीच्या पायरीवर मारुती येऊन बसला. गाव अजून रावसाहेब म्हणे. सरकारी कागद 'सदर इसम' म्हणे.

"पोस्टमास्तरांनी काल पत्रिका परत पाठवली," हेमा म्हणाली. "आमच्या शाळेतल्या दोन बाई रस्ता बदलून गेल्या. अक्षतीला संकेत म्हणणारा हा माणूस आहे तरी कोण? लग्न बघितलं नाही का त्यानं कधी?"

"मारुतीला तीन मुली आहेत," शुभदा म्हणाली. "थोरली गेल्या वर्षी उजवली."

"मग त्याला अक्षत ठाऊक नाही?"

"शिपाई दिसलं तेवढं लिहितो," गुरुदत्त म्हणाला. "पिवळे दाणे दिसले, पिवळे दाणे लिहिले. अर्थ वरचा लावतो. तशीच पद्धत आहे. मी सांगू शकतो, पंधरा वर्षं मी वरचा होतो."

शुभदा उठली आणि आत गेली. चुलीवर काही नव्हतं. तिनं उगाच माठावरचं झाकण काढलं आणि परत ठेवलं.

अकरा वाजता प्रभाकरराव ताम्हाणे यायचे होते. हेमाचे होणारे सासरे.

*

प्रभाकरराव वेळेवर आले. खादीचं धोतर, टोपी, हातात काठी. तीस सालच्या चळवळीत सहा महिने तुरुंगात काढलेले, तेव्हापासून पाठीत वाकलेले. सरबताचा पेला त्यांनी हातात घेतला, पण ओठाला लावला नाही.

"रावसाहेब, आडवळणानं बोलणं मला जमत नाही," ते म्हणाले. "परवा पोलिसांचा माणूस घरी येऊन गेला. आमचा आनंद सचिवालयात लागलाय, जूनमध्ये कायम व्हायचा. त्याला पोलिसांचा दाखला लागतो. तो अडकलाय."

"माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे. लग्न मोडायला मी आलेलो नाही. मुलगी आम्हाला हवी आहे. एवढंच म्हणतो, मांडवात तुम्ही नसावं. कन्यादान त्र्यंबकरावांनी करावं. तुम्ही पाटावर बसलात की आणखी एक कागद तयार होतो, आणि त्यावर आनंदचं नाव जावई म्हणून येतं."

हेमाचा बाप वसंता, तिघा भावांतला मधला, ती चार वर्षांची असताना विषमज्वरानं गेला. आई त्याच्या आधी गेली होती. तिला वाढवलं गुरुदत्त-शुभदानं. मामलेदाराच्या दौऱ्यावर, तंबूत, बैलगाडीत, गुरुदत्तच्या मांडीवर बसून ती अक्षरं शिकली होती. पाटावर दुसरं कुणी बसेल हा विचार या घरात आजवर कुणी केला नव्हता.

"आनंद काय म्हणतात?" हेमानं विचारलं.

"हेमा, तू आत जा," त्र्यंबक म्हणाला.

"जाते. काय म्हणतात ते ऐकून जाते."

प्रभाकररावांनी पेल्याकडे पाहिलं. "तो म्हणतो, काकांशिवाय लग्नाला उभा राहणार नाही. म्हणून त्याला न सांगता आलो."

"मग झालं," हेमा म्हणाली आणि तिथंच उभी राहिली.

"काय झालं?" सुहासिनीवन्संनी परात बाजूला ठेवली. "नोकरी गेल्यावर काय दोघं अक्षता खाणार? दत्ता, चार तासांचा प्रश्न आहे रे. तू वर माडीवर बसून ऐक मंगलाष्टकं. मी नाही का विधवा म्हणून गेली वीस वर्षं खांबाआडून लग्नं बघत? काय बिघडलं माझं?"

"त्यापेक्षा सोपं आहे," त्र्यंबक म्हणाला. "दादा, वकीलपत्र मागं घे. मी कचेरीत शब्द टाकतो. महिनाभरात पायरीवरचा माणूस उठेल. प्रभाकररावांचं काम होईल, मला खुलासा द्यावा लागणार नाही, आणि तू पाटावर बसशील. त्या लाकूडतोड्यांना दुसरा वकील मिळेल."

"कोण?"

"मिळेल कुणीतरी."

"नाव सांग, त्र्यंबक. कल्याणातला, ठाण्यातला, कुठलाही. सत्तावीस माणसं सात महिने तुरुंगात आहेत. तेवीसला सुनावणी आहे. एक नाव सांग."

त्र्यंबकानं पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"वकीलपत्र मी सोडणार नाही," गुरुदत्त म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. कोर्टात तारीख मागतात तसा तो बोलत होता. "त्याची किंमत हेमानं द्यावी असंही नाही. प्रभाकरराव म्हणतात ते मला मान्य आहे. मी घरी बसतो. त्र्यंबक आणि त्याची बायको पाटावर बसतील."

"तर मग मीही घरी बसते," हेमा म्हणाली. "तुमच्या शेजारी. वाल सोलते आत्याबरोबर."

"हेमा!"

"काका, तुम्ही त्या सत्तावीसांना सोडत नाही. मग मीच तुम्हाला कशी सोडू?"

प्रभाकररावांनी पेला खाली ठेवला. गुरुदत्त झोपाळ्यावरून उठला आणि त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसला.

"प्रभाकरराव, एक गोष्ट आपल्यात कधी बोलली गेली नाही. तीस साली मी इथं मामलेदार होतो. तुमच्या शहाडच्या घरासमोर माणूस मी बसवला होता."

"माहीत आहे. आठ महिने. उत्तम नाव त्याचं. आई त्याला ताक द्यायची."

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"द्वारका म्हणाली, सोयरीक करताना जुनं उकरू नये. माझी बहीण. हेमा तिनंच पसंत केली, तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, तिला चालतं तर मला का चालू नये?" प्रभाकररावांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "रावसाहेब, सूड म्हणून मी आलो असं समजू नका. मी भिऊन आलोय. समोर माणूस बसला की घराचं काय होतं, ते मी बघितलंय. ते पुन्हा नको."

"द्वारकाताईंचं काय झालं होतं?" शुभदानं विचारलं.

माजघरातल्या सगळ्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. प्रभाकरराव आल्यापासून ती एक शब्दही बोलली नव्हती.

"काय व्हायचं? बदलापूरची सोयरीक आली होती. मुलगा पोस्टात. साडी, साखर देऊन गेले. पंधरा दिवसांत साडी परत मागवली. त्याला वरून विचारणा झाली होती, या घराशी संबंध काय म्हणून. पुढं दुसरं जमलं नाही."

"आठ ऑगस्ट," शुभदा म्हणाली. "श्रावणातला शुक्रवार. चार वाजून दहा मिनिटांनी दोन स्त्रिया टांग्यातून उतरल्या. एकीच्या हातात रुमालानं झाकलेलं ताट. सव्वासहाला परत निघाल्या. जाताना हात रिकामे."

प्रभाकररावांच्या हातातली काठी थांबली.

"तुम्हाला काय माहीत?"

"ते अहवाल माझ्या अक्षरात आहेत. दर आठवड्याला वर गुप्त अहवाल जायचा. कारकुनाकडे देता येत नसे, आणि यांचं अक्षर वाचवत नाही. मी मॅट्रिक झालेली. हे सांगायचे, मी उतरवून काढायची. जाताना हातात काय होतं हा रकाना यांनी नव्यानं घातला होता. साहेबानं त्याबद्दल शाबासकी दिली होती."

"शुभदा," गुरुदत्त म्हणाला.

"बोलू द्या. त्या दिवशी यांनी मला विचारलं, ताटात काय असेल? सहज विचारलं. श्रावणातल्या शुक्रवारी दोन बायका झाकलेलं ताट घेऊन लग्नाच्या मुलीच्या घरी जातात आणि रिकाम्या हातानं परततात. ताटात काय असतं, हे मला कळत नव्हतं का? मला उतरवतानाच कळलं होतं. मी म्हटलं, शिपायानं लिहिलेलं नाही. मग हे म्हणाले, लिही, बेकायदा पत्रकं असावीत. मी लिहिलं."

वन्संनी तोंडावर पदर घेतला. गुरुदत्त बायकोकडे बघत होता. तेवीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तिनं त्याला सांगितली नव्हती.

"का?" त्यानं विचारलं. "मी तुझं ऐकलं असतं."

"ऐकलं असतंत. ते मला ठाऊक होतं. खोटं कशाला सांगू? भीती नव्हती. पान शेवटाला आलं होतं. साखरपुडा म्हटलं असतं, तर यांनी पुन्हा सगळं पान बदलायला लावलं असतं. संध्याकाळची दिवेलागण व्हायची होती, हेमाचा बाप जेवायला यायचा होता. मला पुन्हा उतरवायचा कंटाळा आला."

बाहेर रस्त्यावरून टांगा गेला. घंटीचा आवाज दूर गेला.

"प्रभाकरराव," ती म्हणाली, "तेव्हा एका घराचं झालं. आता एक्केचाळीस घरांचं तेच होतंय, आणि याही वेळी काय आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. या वेळी मी गप्प बसणार नाही. मी पुन्हा अक्षत देणार. त्याच घरी, त्याच क्रमानं, दिवसाढवळ्या, आणि कशाची ते मोठ्यानं सांगून. ज्याला यायचं तो येईल. कन्यादानाला हे बसतील आणि शेजारी मी. पण त्याच्या आधी एक घर आहे. द्वारकाताईंचं मी जे केलं, ते त्यांना सांगायचंय. त्यांनी नको म्हटलं, तर तुम्ही म्हणता तसं होईल. त्र्यंबकभावजी बसतील पाटावर, आणि मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"वहिनी, तुम्ही हे दादाला न विचारता..." त्र्यंबक म्हणाला.

"तिनं विचारलंय," गुरुदत्त म्हणाला. "मी हो म्हणतोय. आणि मीही येतोय. ताटात काय हे मी विचारलं, पण उत्तराला थांबलो नाही."

प्रभाकरराव काठी टेकून उठले. "टांगा मी परत पाठवला नाही," ते म्हणाले. "पण द्वारका काय म्हणेल ते मी सांगू शकत नाही. मला कधीच सांगता आलेलं नाही."

"मी येणार," हेमा म्हणाली.

"नवऱ्या मुलीनं सासरचा उंबरा आधी ओलांडायचा नसतो," वन्सं म्हणाल्या.

"मग उंबऱ्याबाहेर उभी राहीन."

वन्संनी तिच्याकडे पाहिलं, त्र्यंबकाकडे पाहिलं, आणि वालांची परात उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. "तू सोल हे. खुलासा लिहायला बसायचंच आहेस, तर हाताला काम राहू दे." मग त्या आत गेल्या. वाटीत तांदूळ काढले, त्यावर हळद घातली, तुपाचं बोट लावलं आणि कालवत कालवत बाहेर आल्या. "एक्केचाळीस घरं म्हणजे एवढे पुरणार नाहीत. तुम्ही येईतो मी आणखी करून ठेवते. आणि त्या मारुतीला वहीत लिहायचंच असेल, तर म्हणावं, संकेत मी कालवला. सुहासिनी, रावसाहेबांची बहीण. चौकशीला मला बोलवा. मला ठाण्याला जायचंच होतं."

*

टांगा पारनाक्यावरून निघाला तेव्हा मारुती पायरीवरून उठला. वखारीच्या भिंतीला टेकवलेली सायकल त्यानं काढली. शहाडच्या रस्त्याला निर्वासितांच्या कँपाकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची धूळ होती. त्या धुळीत करडा कोट कधी दिसायचा, कधी नाही. प्रभाकरराव टांगेवाल्याशेजारी बसले होते. गुरुदत्त वाटेत एकदाच बोलला.

"अक्षर छान होतं तुझं," तो म्हणाला. "साहेब म्हणायचा, असा स्वच्छ अहवाल जिल्ह्यात दुसरा येत नाही."

वाटी शुभदानं दोन्ही हातांत धरली होती.

द्वारकाताई मागच्या पडवीत लोणच्याच्या कैऱ्या फोडत होत्या. अडतीस वर्षांच्या, बारीक अंगाच्या, केसांत पुढं दोन पांढऱ्या बटा. सकाळी त्या मुलांच्या शाळेत बालवर्ग घेत. शुभदा त्यांच्यासमोर बसली. गुरुदत्त आणि प्रभाकरराव अंगणात उभे राहिले. हेमा फाटकाबाहेर थांबली, आणि तिच्यापासून वीस पावलांवर सायकलला टेकून मारुती.

शुभदानं सांगितलं. काही गाळलं नाही. तारीख, वेळ, टांगा, रुमाल, ताट, पत्रकं, आणि पान संपत आलं होतं ते. द्वारकाताई कैरी फोडत राहिल्या. अडकित्ता उघडत होता, मिटत होता, कोय बाजूला पडत होती. सांगून झालं तेव्हा त्यांच्यापुढं पाच-सहा कैऱ्या उरल्या होत्या. त्यांनी त्याही फोडल्या. मग अडकित्ता पुसून ठेवला.

"काय लिहिलंत? पत्रकं?"

"बेकायदा पत्रकं असावीत."

"साडी होती. डाळिंबी रंगाची. चौदा दिवस माझ्या पेटीत राहिली. मी ती एकदाही नेसले नाही, घडी मोडेल म्हणून." त्यांनी हात धुतले. "एकोणीस वर्षं मी समजत होते, त्यांना मी आवडले नाही."

"अगं, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं," प्रभाकरराव अंगणातून म्हणाले. "पोलिसांनी विचारणा केली म्हणून..."

"सांगितलं होतंस. मला बरं वाटावं म्हणून सांगतोस असं वाटायचं. त्या दोघी दोन तास बसल्या होत्या, दादा. थोरलीनं माझा हात हातात घेतला होता. मी काय बोलले, कशी बसले, चहा सांडला होता का, हेच आठवत राहिले. एकोणीस वर्षं."

शुभदाला वाटलं, आता रडू येईल, पण आलं नाही. रडण्याचा हक्क या घरात आपला नाही, एवढं तिला कळत होतं. गुरुदत्त पायरीपर्यंत आला.

"द्वारकाताई, रकाना माझा होता," तो म्हणाला. "अर्थ मी लावला. हिनं फक्त उतरवलं."

"रावसाहेब, तुम्ही नवराबायको वाटणी नंतर करा." त्यांनी हात पदराला पुसले. "आज कशाला आलात? एवढंच सांगायला?"

शुभदानं वाटी पुढं केली. "तुम्ही मुलाकडच्या. मुलाकडच्यांना आम्ही अक्षत द्यायची नसते. पण आज दुसरी फेरी काढतेय. पहिली तुम्हाला. तुम्ही घेतलीत तर हे पाटावर बसतील. नाही घेतलीत तर त्र्यंबकभावजी बसतील. मी मनात काही ठेवणार नाही."

"आणि आनंदचा दाखला अडकलाय," प्रभाकरराव घाईनं म्हणाले. "द्वारका, तेही ऐक. मांडवात रावसाहेब दिसले की तो मिळणार नाही."

"मग दुसरी नोकरी बघेल. मला दुसरी सोयरीक मिळाली नाही, पण त्याला नोकरी मिळेल. बी.ए. झालाय." त्यांनी भावाकडे पाहिलं. "दादा, तू सहा महिने तुरुंगात बसलास तो कशासाठी? मागं माणूस लागला की सोयरं बदलायचं, म्हणून?"

प्रभाकररावांनी टोपी काढून हातात घेतली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली.

द्वारकाताईंनी उजवा तळवा पुढं केला. त्याला कैरीचा वास येत होता. शुभदानं अक्षत ठेवली. काही दाणे पडवीत सांडले.

"एकोणीसला सगळ्यांनी यायचं," ती म्हणाली.

"येईन. कन्यादान कोण करतंय?"

"हे आणि मी."

"बरं." त्यांनी मूठ मिटली. "तो बाहेर उभा आहे, तो कोण?"

"माझ्यावर ठेवलेला माणूस," गुरुदत्त म्हणाला.

"त्याला आत बोलवा."

"बोलावून ते येत नसतात."

"मग मी जाते."

त्या मिटल्या मुठीनं फाटकाबाहेर गेल्या. हेमा बाजूला झाली. मारुतीनं सायकल सरळ केली, पण जायला उशीर झाला होता. शुभदा मागोमाग फाटकापर्यंत गेली.

"वही काढ," द्वारकाताई म्हणाल्या. बालवर्गातल्या मुलांना पाटी काढायला सांगतात तशा.

"बाई, आमाला बोलायचा हुकूम नाय."

"बोलू नकोस. लिही." त्यांनी मूठ उघडून त्याच्यापुढं धरली. "हे काय आहे?"

मारुतीनं तळव्याकडं पाहिलं. मग शुभदाकडं पाहिलं, पाण्याचा तांब्या परत करताना बघायचा तसं. "अक्षत हाय, बाई."

"ठाऊक होतं तुला?"

"ठाऊक नसंल व्हय? तीन पोरी हायेत मला."

"मग दाणे कशाला लिहिलेस?"

"कुनी इचारलंच नाय काय हाय ते. दिसलं ते लिवलं."

शुभदानं फाटकाचा दांडा धरला.

"आता मी विचारतेय," द्वारकाताई म्हणाल्या. "लिही. शहाड, एक वाजून वीस मिनिटं. द्वारका ताम्हाणे हिच्या हातावर लग्नाची अक्षत दिली. तांदूळ आणि हळद. लग्न एकोणीसला, कल्याणात. कन्यादान गुरुदत्त चौबळ आणि त्यांची बायको करणार. मुलाची आत्या हजर राहणार. लिहिलंस की मला दाखव."

"वरचे सायेब इचारतील, ह्ये कुनी सांगितलं म्हनून."

"माझं नाव आहेच की त्यात."

अंगणातून प्रभाकररावांनी टांगेवाल्याला हाक मारली. थांब म्हणाले, अजून एक्केचाळीस घरं आहेत, सगळीकडं जायचंय. "मीही येतो," ते नंतर कुणाकडेही न बघता म्हणाले.

मारुतीनं कोटाच्या खिशातून वही काढली, पेन्सिल जिभेला लावली. पान शेवटाला आलं होतं; खाली एकच ओळ बसेल एवढी जागा उरली होती. शुभदा बघत होती. त्यानं क्षणभर त्या जागेकडं पाहिलं, मग पान उलटलं आणि नव्या पानावर वरपासून लिहायला घेतलं.